खंडणीचं कलम की खुनाचं? अपहरणात जीव गेला, तर खटला कशावर उभा करायचा

दोन्ही कलमं लावायची, हे सांगायला कुणी लागत नाही. पोलीस दोषारोपपत्रात ती लावतातच, वर कट आणि पुरावा नष्ट करणंही जोडतात. खरा प्रश्न नंतर येतो. साक्षीदारांची यादी छाटायची असते, सरकारी वकिलांना टिपणं काढून द्यायची असतात आणि शेवटी युक्तिवादात जोर कशावर द्यायचा हे ठरवायचं असतं. एका बाजूला खंडणीसाठी अपहरण, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं ३६४-अ आणि १ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं १४०(२). दुसऱ्या बाजूला सरळ खून, ३०२ किंवा आताचं १०३(१), आणि जोडीला खून करण्यासाठी अपहरण, ३६४ किंवा १४०(१).

मूळ फिर्यादीकडून पहिल्यांदाच अशा खटल्यात वकीलपत्र घेतलेल्यांसाठी हे लिहितोय. मी दोन्ही वाटांनी गेलोय. माझा कल कुठे आहे ते लपवणार नाही, पण तुमच्या खटल्याचे कागद माझ्यासमोर नाहीत, एवढं लक्षात ठेवून वाचा.

खंडणीचं कलम पहिल्या वाचनात मोह पाडतं. आपल्या प्रकरणासाठीच लिहिलंय असं वाटतं. पळवून नेणं, डांबून ठेवणं, जिवाची धमकी, इजा किंवा मृत्यू घडवणं आणि पैशासाठी दबाव, सगळं एकाच वाक्यात. शिक्षा फाशी किंवा जन्मठेप. मधली पायरीच नाही. १९९३ साली हे कलम आलं तेव्हा रोख ओलीस धरणाऱ्या अतिरेक्यांवर होता. पण सरकारच्या जोडीला ‘इतर कोणतीही व्यक्ती’ हे शब्दही त्यात होते, त्यामुळे दुकानदाराचा मुलगा पळवणाराही त्यात आला. १९९५ मध्ये त्यात परका देश आणि आंतरराष्ट्रीय संघटना यांची भर पडली. होशियारपूरच्या २००५ मधल्या खटल्यात शाळकरी मुलाला पळवून ५० लाख मागितले आणि मुलाचा जीव घेतला. त्यातल्या आरोपींनी नंतर हे कलम फक्त दहशतवाद्यांसाठी आहे आणि त्यातली फाशी घटनाबाह्य आहे, असं म्हणून पाहिलं. विक्रम सिंग खटल्यात २०१५ साली सुप्रीम कोर्टाने दोन्ही मुद्दे फेटाळले. म्हणजे कलम भक्कम आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुराव्याची आहे. २०२१ च्या शेख अहमद निकालाने या कलमाच्या तीन पायऱ्या स्पष्ट करून सांगितल्या. पळवणं सिद्ध करा. मग धमकी दिली, किंवा वागण्यातून जिवाची रास्त भीती निर्माण केली, किंवा प्रत्यक्ष इजा अथवा मृत्यू घडवला, यातलं एक सिद्ध करा. आणि हे कुणाला तरी पैसे द्यायला भाग पाडण्यासाठी केलं, हेही दाखवा. त्या खटल्यात सहावीतला मुलगा पळवला होता आणि दोन लाख मागितले होते. मुलगा सुखरूप परत आला आणि पळवणारा आपल्याशी नीट वागला असं त्याने कोर्टात सांगितलं. धमकीचा पुरावा टिकला नाही, जन्मठेप गेली, साध्या अपहरणाची सात वर्षं उरली. आपल्या प्रकरणात मृत्यू झालाय, मग दुसरी पायरी आपोआप चढलो, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

आमच्या जिल्ह्यातला, जुन्या कायद्याखालचा खटला होता. दहावीतला मुलगा, वडिलांचं भुसार मालाचं दुकान. मुलगा संध्याकाळी क्लासला गेला तो आलाच नाही. रात्री साडेदहाला वडिलांच्या फोनवर कॉल आला. त्या फोनवर कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचे, त्यामुळे रेकॉर्डिंग होतं. आम्ही खूश. दोषारोपपत्रात सीडी होती, संभाषणाचा उतारा होता आणि ज्या नंबरवरून कॉल आला त्याचा सीडीआर, म्हणजे मोबाईल कंपनीकडची कॉलची नोंद होती. मी टिपणं काढली ती सगळी त्या कॉलभोवती.

साक्षीच्या वेळी कळलं की पोलिसांनी रेकॉर्डिंग ठाण्यातल्या कॉम्प्युटरवर उतरवून सीडी केली आणि फोन वडिलांना परत दिला. जप्ती नाही, जुन्या पुरावा कायद्याच्या ६५-ब चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत लागणारं प्रमाणपत्र नाही. ते आता देता येईल म्हणून मी सुटकेचा श्वास घेतला आणि फोन मागवला. वडील म्हणाले, “तो एक्सचेंजमध्ये दिला हो. स्क्रीन गेली होती.” कुठल्या तरी मोबाईलच्या दुकानात आठशे रुपयांना गेला होता आमचा पुरावा. जालन्याच्या निवडणुकीवरून निघालेल्या खोतकर-गोरंट्याल वादात २०२० साली सुप्रीम कोर्टाने प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच निकालात असंही आहे की मूळ उपकरण त्याच्या मालकाने स्वतः साक्षीला येऊन हजर केलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही. म्हणजे तो माणूस फुटक्या स्क्रीनचा फोन खिशात घालून पिंजऱ्यात उभा राहिला असता, तरी भागलं असतं.

सीडीच्या पाकिटावर ‘आर्टिकल’ एवढंच लिहिलं गेलं, निशाणी काही पडली नाही, म्हणजे ती पुरावा म्हणून वाचली जाणार नव्हती. सीडीआर रीतसर आला, पण सीडीआर कॉल झाला एवढंच सांगतो, काय बोलणं झालं ते सांगत नाही. सिमही तिसऱ्याच माणसाच्या नावावर. उरली वडिलांची तोंडी साक्ष. उलटतपासात बचावाच्या वकिलांनी आवाज न चढवता विचारलं, “मुलाला मारून टाकू, असे शब्द वापरले का?” वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पैसे तयार ठेवा, पोलिसांत जाऊ नका, असं म्हणाले. तसे शब्द नाही वापरले. पण अर्थ तोच ना, साहेब?” नोंद अर्थातच पहिल्या भागाची झाली.

त्यावर बचावाने कडी केली. शवविच्छेदनातली वेळ घेतली आणि म्हणाले, कॉल आला तेव्हा मुलगा जिवंतच नव्हता. ओळखलं म्हणून त्याला मारलं असेल, पण पैसे काढण्यासाठी मारलं असं म्हणता येत नाही. मृत्यू आणि मागणी यांचा सांधाच त्यांनी उसवला. भीती निर्माण करणारं वर्तन हेही कलमात बसतं, असं आम्ही म्हटलं. कोर्टाला पटलं नाही. खंडणीच्या आरोपातून निर्दोष, खून आणि पुरावा नष्ट करणं यात दोषी, जन्मठेप. आरोपींच्या शिक्षेत तसूभर फरक पडला नाही. वडिलांच्या मनात मात्र पडला. “म्हणजे मी फोनबद्दल खोटं बोललो असं झालं का?” हा प्रश्न त्यांनी मला निकालाच्या दिवशी विचारला, आणि पुढे दोनदा.

तेव्हापासून माझं पारडं खुनाकडे झुकलंय.

खुनाच्या वाटेवर ओझं कमी असतं असं नाही, पण ते ओळखीचं असतं. शेवटचं कुणासोबत पाहिलं, मेमोरँडम पंचनामा (आरोपीने ‘जागा दाखवतो’ म्हणून पंचांसमोर दिलेलं निवेदन), दाखवलेल्या जागेवरून मिळालेला मृतदेह, दप्तर, सायकल. आमच्या खटल्यात एक पंच फितूर झाला, तरी उसाच्या रसाच्या गाड्यावरचा माणूस हलला नाही. दोन ग्लास कोणी घेतले आणि सुट्टे कोणी दिले, इथपर्यंत त्याने सांगितलं. शिवाय अपहरण सिद्ध झालं की या वाटेवर एक मोठा आधार मिळतो. कलकत्त्याच्या मीर मोहम्मद उमर खटल्यात २००० साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं की पळवून नेलेला माणूस थोड्या वेळात मृत सापडला, तर मधल्या वेळात काय झालं ते पळवणाऱ्यांनाच ठाऊक. ते गप्प राहिले, तर कोर्ट त्यांच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं. पुरावा कायद्याचं १०६, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं १०९. पळवणं आधी तुम्हीच सिद्ध करायचं, आणि मधला वेळ दिवसांत गेला तर हा आधार पातळ होतो. तरी मागणीचे नेमके शब्द सिद्ध करण्यापेक्षा हे सोपं, असा माझा अनुभव. डॉक्टरांना मात्र ‘या जखमा सर्वसाधारणपणे मृत्यू यायला पुरेशा होत्या का’ हे विचारायला विसरू नका. हा प्रश्न राहून गेलेले जबाब मी पाहिलेत.

१४०(१) ला कोणी फारसं विचारत नाही. शिक्षा जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी, त्यामुळे ते दुय्यम वाटतं. पण त्यात खुनाच्या धोक्यात लोटण्यासाठी पळवणंही येतं. मृतदेह मिळाला नाही किंवा जखमांवरून काहीच कळत नाही, तेव्हा खाली पाय टेकायला तीच जमीन असते.

शिक्षेच्या दृष्टीने खंडणी जोडून फायदा किती, तर नागपूरच्या २०१४ च्या खटल्याकडे बघा. आठ वर्षांचा मुलगा, खंडणी आणि खून दोन्ही सिद्ध. फाशी झाली, हायकोर्टाने कायम केली, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ती बदलून २५ वर्षं सूट नसलेली जन्मठेप दिली. कोल्हापूरच्या गावित बहिणींनी लहान मुलं पळवली ती चोऱ्यांत वापरायला. तिथे खंडणीच्या कलमाचा संबंधच नव्हता. त्यांची फाशी खुनासाठी होती, आणि २०२२ मध्ये ती जन्मठेपेत बदलली ती दयेच्या अर्जावरच्या विलंबामुळे.

एका प्रकारात मात्र मी माझंच म्हणणं मागे घेईन. मारायचं नव्हतं पण मेला, असं प्रकरण. तोंडात बोळा कोंबला आणि गुदमरला, गुंगीचा डोस जास्त झाला. बचाव लगेच सदोष मनुष्यवधाकडे, १०५ कडे ओढतो, आणि कधी कधी जमतंही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत अशा वेळी गंभीर गुन्हा करताना मृत्यू झाला की थेट खून धरतात. पण तिथेही गमती आहेत. प्रसिद्ध वैमानिक लिंडबर्गच्या बाळाच्या अपहरणात आरोपी हाउप्टमानवर १९३५ साली न्यू जर्सीत खटला चालला, तेव्हा तिथल्या अशा गंभीर गुन्ह्यांच्या यादीत अपहरण बसत नव्हतं. सरकार पक्षाला घरफोडीचा आधार घ्यावा लागला आणि बाळाच्या अंगावरच्या झोपायच्या कपड्यांच्या चोरीपर्यंत जावं लागलं. आपल्याकडे दरोड्यात कुणी खून केला तर सगळ्या टोळीला भोवतो, जुनं ३९६, नवं ३१०(३). अपहरणासाठी तसं स्वतंत्र कलम नाही. नव्या संहितेतलं संघटित गुन्हेगारीचं १११ थोडं जवळ जातं, पण त्याला मागच्या दहा वर्षांतली एकाहून जास्त दोषारोपपत्रं लागतात. शेजारच्या गल्लीतल्या दोन पोरांनी केलेल्या उद्योगाला ते लागू पडत नाही. म्हणून बोळ्याच्या प्रकरणात, मागणीचा पुरावा शाबूत असेल तर, खंडणीवर जोर द्या. खुनाचा हेतू सिद्ध न होताही त्यात किमान जन्मठेप आहे.

पुरावा शाबूत असणं नव्या कायद्यात आणखी किचकट झालंय. साक्ष्य अधिनियमाच्या ६३ खालच्या प्रमाणपत्राला आता दोन भाग आहेत, दुसरा तज्ज्ञाने भरायचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलमध्ये फेरफार झाला का ते दाखवणारा आकडा लागतो. आवाजाचे नमुने घ्यायची सोय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या ३४९ मध्ये आहे, पण नमुना जुळवायला मूळ रेकॉर्डिंग तर हवं.

म्हणून वकीलपत्रावर सही झाली की त्याच दिवशी तो फोन कुठाय ते विचारा. घरात असेल तर बंद करून ठेवायला सांगा आणि तपासी अंमलदाराकडे लेखी अर्ज देऊन पंचनाम्यात जप्त करून घ्या. घरच्यांना तोवर दुसरा फोन लागेल. माझ्याकडे एक जुना पडून असतो, तो मी देतो.