कुकिंग शोच्या ऑडिशनच्या नावाखाली माझे पैसे गेले, तुमचे जाऊ देऊ नका

फोन आला तेव्हा मी भांडी विसळत होते. "मॅडम, कुकिंग शोसाठी तुम्ही शॉर्टलिस्ट झालात." महिन्याभरापूर्वी मोबाइलवर दिसलेला फॉर्म मी खरंच भरला होता, पदार्थांचे फोटोही पाठवले होते. त्यामुळे शंका आलीच नाही.

तरी मी खोदून खोदून विचारलं. त्या बाईंनी दिलेली उत्तरं बरोबर होती, आणि मी फसले ती तिथेच. पदार्थ घरून करून आणायचा, ऑडिशनला शेगडी मिळणार नाही, ताटलीत मांडायला मोजकी मिनिटं. निवडीबद्दल कुठेही बोलायचं नाही, कारण चित्रीकरण प्रक्षेपणाच्या बरंच आधी होतं आणि निकाल फुटता कामा नये. खऱ्या कार्यक्रमांत बहुधा असंच चालतं, हे मला माहीत होतं.

मग पैसे. आधी नोंदणीचे, मग ओळखपत्राचे, मग साहित्याची "परत मिळणारी" अनामत. रक्कम दर वेळी आदल्यापेक्षा थोडी मोठी आणि मुदत त्याच संध्याकाळची. नवऱ्याला विचारावंसं वाटलं, पण गुप्ततेच्या कागदावर सही केली होती. मी गप्प बसले.

ठरल्या दिवशी हॉलला कुलूप. सजावटीची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. रखवालदार म्हणाला, आज बुकिंगच नाही. बाईंचा फोन बंद. तेवढ्यात आणखी दोघी डबे घेऊन आल्या. त्यातल्या एका मुलीने नवा पांढरा कोट इस्त्री करून घातला होता. आम्ही तिघी पायरीवर बसून राहिलो. फडकं उघडलं तर पानं काळी पडली होती. त्या मुलीचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

हे लोक फायदा कशाचा घेतात तेही सांगते. 'मास्टरशेफ' १९९० साली बीबीसीवर सुरू झाला आणि पुढे त्याचं स्वरूप देशोदेशी विकलं गेलं. असे कार्यक्रम वाहिनीसाठी अनेकदा वेगळीच निर्मिती संस्था करते. म्हणून अनोळखी संस्थेचं नाव ऐकून आपण दचकत नाही. पण ऑडिशन खरी असेल तर तिची घोषणा वाहिनीच्या स्वतःच्या पडद्यावर किंवा अधिकृत संकेतस्थळावर सापडते. आलेल्या लिंकवरून नको, पत्ता स्वतः टाकून बघा. निवडीसाठी किंवा अनामत म्हणून पैसे मागितले की तिथेच फोन ठेवा. आणि गुप्तता असते ती निकालाची. सही करण्याआधी कागद घरच्यांना, वकिलाला दाखवायला कोणी मना करत असेल तर तो माणूस खोटा.

पैसे गेलेच असतील तर लाजेने दिवस घालवू नका. मी दोन दिवस रडत घालवले आणि बँकेला उशिरा कळवलं. व्यवहार थांबवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. बँकेला लगेच फोन, मग पोलिसांत तक्रार. मेसेज, पावत्या, नंबर काहीही डिलीट करू नका. माझ्या तक्रारीला तेवढाच आधार होता.

गेल्या आठवड्यात नवा फोन आला. "तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, फक्त प्रोसेसिंग फी भरा." माझं नाव, भरलेली रक्कम, हॉलचा पत्ता, सगळं त्याला ठाऊक होतं. या वेळी मी फोन स्पीकरवर टाकला आणि नवऱ्याला हाक मारली.