कुर्ल्याचे सेल्फ-डायनामोवाले चाचा आणि आबांचा मॅसी

दुकानाला नाव नाही. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे दरवाजे-बंपर फुटपाथवर मांडलेले असतात, त्या पट्ट्यात एका पत्र्यावर तेलरंगाने ‘सेल्फ – डायनामो – अल्टरनेटर’ एवढंच लिहिलंय. सेल्फ म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर. डायनामो आणि अल्टरनेटर दोन्ही बॅटरी भरतात, पहिला जुन्या पद्धतीचा, दुसरा नव्या. आत दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. चाचा मूळचे महाडचे, मराठी आपल्यासारखंच बोलतात आणि गिऱ्हाइकाकडे न बघता हातातल्या आर्मेचरकडे, म्हणजे मोटरच्या तारा गुंडाळलेल्या फिरत्या भागाकडे, बघत बोलतात. पहिल्या भेटीत मला ते उद्धट वाटले होते.

मी मुलुंडला राहते, शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. ट्रॅक्टर गावाकडे, खटाव तालुक्यात. आबांनी १९८६ साली जुनाच घेतलेला मॅसी फर्ग्युसन. इंजिन अजून ठणठणीत, पण विजेच्या नावाने बोंब. रात्री उतारावर लावायचा आणि सकाळी ढकलून चालू करायचा, ही घरातली रीतच झाली होती. बटाट्याची ट्रॉली अंधारात बाहेर काढायची तर पुतण्या विजेरी घेऊन पुढे चालायचा.

गेल्या वर्षी गावाजवळच्या एका इलेक्ट्रिशियनने डायनामो काढून गाडीचा जुना अल्टरनेटर बसवला होता. बॅटरीची शेवटची वायर जोडली आणि धूर निघाला. साडेतीन हजार गेले. ‘माल डुप्लिकेट निघाला’ म्हणून त्याने हात झटकले. पुन्हा डायनामो चढवला, पुन्हा उतार.

यंदा दादाने तोच डायनामो पोत्यात बांधून एसटीने पाठवला. चेंबूरच्या मैत्री पार्कला उतरवून घेतला आणि रिक्षाने थेट कुर्ला. चाचांनी तो बेंचवर फिरवला. सात अँपिअर, तेही पूर्ण वेगात. ४५ वॅटचे दोन हेडलाइटच साडेसात अँपिअर खातात. मागचा दिवा, हॉर्न वेगळे. म्हणजे रात्री काम करताना बॅटरी भरायच्या ऐवजी रिकामीच होत होती. शिवाय डायनामो इंजिन हळू चालत असताना जवळजवळ काहीच देत नाही, अल्टरनेटर देतो. एवढं मला ठाऊक होतं, म्हणून म्हटलं, ‘अल्टरनेटरच द्या.’

‘देतो की. बॅटरीची कुठली वायर बॉडीला गेलीय?’

‘मायनस.’

‘बघितलंय तुम्ही?’

नव्हतं बघितलं. दादाला फोन लावला, फोटो मागवला. गंजलेली जाड वायर प्लसवरून निघून थेट गिअरबॉक्सच्या बोल्टला गेली होती. बऱ्याच जुन्या ब्रिटिश घडणीच्या ट्रॅक्टरांवर प्लस बॉडीला जोडायची पद्धत होती. अल्टरनेटरच्या आत डायोड असतात, ते वीज एकाच दिशेने सोडतात. बॅटरी उलटी लागली की त्यांच्यातून सगळा करंट मोकाट सुटतो आणि क्षणात ते जळतात. वर्षभर आम्ही ‘डुप्लिकेट माल’ म्हणत होतो. शाळेत मुलांना डायोड शिकवताना मी स्वतः सेल उलटा लावून दाखवते, त्यामुळे जास्तच लाज वाटली.

मग चाचांनी पैसे घ्यायचेच नाकारले. एका पुठ्ठ्यावर तीन मापं लिहून दिली, ती आणा, मग काय लागतं ते ठरवू. खरं सांगायचं तर चिडले मी. मुलुंडहून रविवार घालवून आलेय, सामान द्या ना! पण पुढच्या शनिवारी शाळेचा मल्टिमीटर घेऊन गावी गेले. बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवली होती. आबा बाजेवरून बघत होते. ‘ताप आलाय का त्याला?’ म्हणाले.

बॅटरीवर १२.५ व्होल्ट. बॅटरी चांगली. सेल्फ मारताना बॅटरीचं बॉडीला जोडलेलं टोक आणि चॅसी यांच्यामध्ये १.८ व्होल्ट, जिथे अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवं. म्हणजे तो जोडच खराब. आणि हेडलाइटच्या होल्डरवर ९.६. दिवे चिमणीसारखे का मिणमिणत होते ते कळलं. स्विचपर्यंत जाऊन परत येणाऱ्या जुन्या वायरीतच वीज मरत होती.

चाचांनी आकडे वाचले आणि माझ्या यादीतल्या दोन वस्तू खोडल्या. नवा सेल्फ नको, सेल्फला वीजच पोचत नाही. एलईडी बार नको, आधी आहेत ते दिवे नीट पेटू देत. दिलं काय, तर ३६ अँपिअरचा रीकंडिशन अल्टरनेटर, बॅटरी बॉडीला जोडायची विणलेल्या तांब्याची जाड अर्थ पट्टी, लगसकट (टोकाच्या धातूच्या पकडीसकट) नवी बॅटरी वायर, चार फ्यूजचा बॉक्स, हेडलाइटसाठी दोन रिले. रिले लावला की स्विचला फक्त इशारा द्यायचा असतो, दिव्याचा करंट बॅटरीहून सरळ जातो. सगळे मिळून ७,४०० रुपये. डायनामो लांबुडका, अल्टरनेटर आखूड, म्हणून ब्रॅकेटमधली जास्तीची जागा भरायला बूशही (धातूची नळी) शेजारच्या लेथवर करून घेतलं.

बसवायला ते गावी येत नाहीत. वायरिंगचं चित्र मात्र पुठ्ठ्यावर असं काढून दिलं, की दादाने आणि मी दोन दिवसांत काम उरकलं. बॅटरी फिरवून मायनस बॉडीला, अँमीटरच्या, म्हणजे करंट दाखवणाऱ्या काट्याच्या, दोन वायरींची अदलाबदल. सेल्फला काही करावं लागलं नाही. तो उलट्या बॅटरीवरही त्याच दिशेने फिरतो. अर्थ पट्टीखालचा रंग खरवडून चकचकीत लोखंड काढायला सर्वांत जास्त वेळ गेला. पुठ्ठ्यावर ‘रंग काढा’ दोनदा लिहिलं होतं, तेही अधोरेखित. अल्टरनेटरची मुख्य वायर जुन्या अँमीटरमधून न नेता सरळ बॅटरीला न्यायची, हेही. छत्तीस अँपिअर त्या बिचाऱ्याला झेपले नसते.

एक गाढवपणा माझा. चित्रात चार्जिंगचा छोटा बल्ब होता. शोभेचा असेल समजून मी तो वगळला. ट्रॅक्टर चालू, अल्टरनेटर फिरतोय, बॅटरीवर व्होल्ट जागचे हलेनात. चाचांना फोन केला.

‘बल्ब लावलाय?’

‘नाही.’

‘मग त्याला उठवणार कोण?’

त्या बल्बमधूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. बल्ब लावला, दोन मिनिटांत मीटरवर १४.१. दादाने दिवे लावले, इंजिन हळूच होतं, तरी १३.६ च्या खाली गेलं नाही. आबा तेवढ्यासाठी बाजेवरून उठून आले.

तक्रारी आहेत. बूश दोनेक मिलिमीटर चुकलं, पुली तिरकी बसली आणि पहिल्याच दिवशी बेल्ट किंचाळायला लागला. वॉशर घालून भागवलं. तीन दिवसांचं काम नऊ दिवसांनी मिळालं, आणि रोज फोनवर ‘उद्या’. बिल म्हणजे कच्ची पावती. तिच्यावर ‘६ महिने’ लिहिलंय, पण कशाची हमी ते लिहिलेलं नाही. अल्टरनेटर बिघडला तर पुन्हा एसटी, पुन्हा मैत्री पार्क. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं, मी एकदा उन्हात तासभर उभी राहिले. घाईत असाल तर दुसरीकडे जा, रोख मोजा, तयार अल्टरनेटर घेऊन या. पण आधी घरी बघून या, कुठली वायर बॉडीला गेलीय.

जुना डायनामो चाचा तांब्याच्या वजनावर ३५० रुपयांना घेत होते. आबांना विचारलं, तर म्हणाले, ‘विकू नकोस, घरी आण.’ आता तो माझ्या मुलुंडच्या गॅलरीत तुळशीशेजारी पोत्यात आहे, आणि दादा म्हणतो, एसटीत जागा मिळाली की पाठव.