ट्रान्समसाठी साग की मरीन प्लाय?

होडीचा ट्रान्सम, म्हणजे मागची आडवी भिंत, बोल्टच्या भोकाभोवती काळी पडली आणि पेचकस सहज आत रुतला, की ती बदलायचीच. पुट्टी भरून भागत नाही.

साग महाग पडतो. प्लाय स्वस्त, पण आयएस 710चाच (मरीन प्लायचं भारतीय मानक) घ्या. 19 मिमीचे दोन थर इपॉक्सीने (दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद) चिकटवले की 38 मिमी जाडी मिळते.

प्लाय कडेने कुजतो, म्हणून कडांना इपॉक्सीचे तीन हात द्या. प्रत्येक भोक मोठं पाडा, इपॉक्सीने भरा, मग मापाचं पाडा. हे टाळलं की पाणी थरांत शिरतं. सागाच्या फळ्या फुगतात-आकसतात, सांधे उघडतात. पण खराब झालेली एकच फळी बदलता येते. साग तेलकट, चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसाच.

वल्ह्या-शिडाच्या होडीला साग. आउटबोर्ड मोटर, म्हणजे ट्रान्समवर बाहेरून लावायचं इंजिन, टांगायची असेल तर प्लाय.