मायक्रोटिक हेक्स राऊटर : जिनिंगच्या ऑफिसात एक सीझन वापरल्यावर

हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये मी हिशेब अन् कॉम्प्युटर दोन्ही पाहतो. मागच्या पावसाळ्यात, आवक सुरू व्हायच्या आधी, मालकाच्या मागं लागून मायक्रोटिक कंपनीचा हेक्स हा राऊटर (इंटरनेटची लाईन ऑफिसातल्या कॉम्प्युटरांना वाटून देणारा डबा) बसवून घेतला, आता अख्खा सीझन निघाला म्हणून लिहून राहिलो. आपल्याकडं जिनिंग, दालमिल, पतसंस्था, कृषी केंद्र, सगळीकडं कॉम्प्युटर आले पण नेटवर्कच्या सुरक्षेचं कोणी बोलतच नाही, अँटीव्हायरस टाकला की झालं असं समजतात.

आमच्याच पट्ट्यातल्या एका व्यापाऱ्याकडं ऐन आवकीत टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, सगळा डेटा लॉक झाला होता. प्रत्येक फाईलच्या नावामागं भलतंच शेपूट, अन् डेस्कटॉपवर पैसे मागणारी चिठ्ठी. बाहेर कापसाच्या गाड्या लायनीत उभ्या, कास्तकार चुकाऱ्यासाठी ऑफिसात बसलेले, अन् कोणाचे किती द्यायचे तेच सांगता येईना. कारण निघालं ते रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुसरीकडून बसून कॉम्प्युटर चालवायची विंडोजची सोय. घरून टॅली पाहता यावं म्हणून कोणीतरी राऊटरमध्ये त्याचा 3389 नंबरचा पोर्ट (बाहेरून आत यायचा दरवाजाच म्हणा) सरळ इंटरनेटवर उघडून ठेवला होता, पासवर्डही सोपा. कुंपणाला एक भोक असलं की रानडुक्कर बरोबर तिथूनच आत येते, तसंच आहे हे. आमच्याकडं पाहिलं तर तेच, वरून कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआरही बाहेरून उघडा अन् त्याचा पासवर्ड कंपनीतून आला तोच. 2016 मध्ये मिराय नावाच्या मालवेअरनं (घातक प्रोग्रामनं) असेच कॅमेरे, डीव्हीआर साठेक ठरावीक पासवर्ड लावून लावून पकडले होते, म्हणजे ही काही नवी गोष्ट नाही.

आता डब्याबद्दल. हेक्स म्हणजे हातात मावणारा पांढरा प्लास्टिकचा डबा, पाच गिगाबिट पोर्ट (हे मात्र केबल लावायची भोकं), वायफाय नाही. आम्हाला सहा हजारांच्या आत-बाहेर पडला. मला सगळ्यात आवडलं ते हे की याच्यात पंखाच नाही. जिनिंगमध्ये रुईचे तंतू हवेत उडतच राहतात, पंखेवाल्या मशीनचं काय होते ते कॅबिनेट उघडून पाहा, नमद्यासारखा थर बसते. हा डबा सीझनभर फक्त वरून पुसला.

खरा फायदा हे केबलचे पोर्ट वेगवेगळे करण्याचा. एकावर इंटरनेट, एकावर ऑफिसचा स्विच, एकावर गाड्यांच्या वजनकाट्याचा कॉम्प्युटर, एकावर डीव्हीआर, अन् शेवटच्यावर वायफायचा डबा, ज्याच्यावर ड्रायव्हर, दलाल, पाहुणे सगळ्यांचे मोबाईल. हे पाचही एकमेकांना दिसत नाहीत, जेवढं सांगू तेवढंच दिसते.

काट्याचा कॉम्प्युटर सगळ्यात नाजूक. गेटजवळच्या केबिनमध्ये जुनं विंडोज 7, वजनाच्या इंडिकेटरमधून सिरीयल केबल त्याच्यात येते अन् काटा चिठ्ठीचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही. विंडोज 7 चा सपोर्ट जानेवारी 2020 मध्येच संपला. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हे फाईली लॉक करणारं मालवेअर आलं तेव्हा पकडल्या गेलेल्या मशीनमध्ये विंडोज 7 च जास्त होत्या, मायक्रोसॉफ्टनं ते भोक बुजवणारा पॅच मार्चमध्येच दिला होता पण टाकतो कोण. काटा तर बदलता येत नाही, म्हणून त्याचं इंटरनेटच बंद केलं. ऑफिसचा एकच कॉम्प्युटर त्याच्यातून वजनाची फाईल ओढून घेऊ शकते, काट्याकडून स्वतःहून ऑफिसकडं काहीच येऊ शकत नाही. काटेवाला दादा दोन दिवस नाराज होता, त्याचे व्हिडिओ बंद झाले ना, पण चिठ्ठी कुठं अडली नाही.

ज्या दिवशी उघडे पोर्ट बंद केले त्या दिवशी विनबॉक्समध्ये, म्हणजे या राऊटरची सेटिंग करायच्या प्रोग्राममध्ये, फायरवॉलची (कोणाला आत येऊ द्यायचं त्या नियमांची) खिडकी उघडून ठेवली होती. शेवटचा नियम "बाहेरून आलेलं बाकी सगळं टाकून दे" असा, त्याच्यापुढं किती टाकून दिलं त्याचा आकडा असते. चहा येईपर्यंत तो आकडा सारखा चढत होता. लॉगमध्ये पाहिलं तर कुठकुठले पत्ते 23, 445, 3389 नंबरचे दरवाजे ठोठावून राहिले होते. मालकाला तेच दाखवलं. आपल्या गावच्या जिनिंगशी कोणाचं काय वैर, असं म्हणणारा माणूस खुर्ची ओढून पाहत बसला. वैर नसतेच ना बाप्पा, ते सगळ्यांचेच दरवाजे वाजवतात.

घरून टॅली आता वायरगार्डनं चालते, म्हणजे इंटरनेटमधून ऑफिसपर्यंत जाणाऱ्या कुलूपबंद खासगी वाटेनं. मालकाच्या लॅपटॉपवर अन् फोनवर चावी टाकली आहे, ती नसली तर राऊटर उत्तरच देत नाही, म्हणून बाहेरून शोधणाऱ्याला तिथं काही आहे हेच कळत नाही. याच्यासाठी फायबरवाल्याकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेटचा पत्ता, घ्या लागला, त्याचे पैसे वेगळे लागतात हे धरून चाला.

कमी काय आहे तेही सांगतो. हा सेटिंग करायला सोपा नाही, मेनू पाहूनच माणूस घाबरते. तालुक्याला करून देणारं कोणी भेटलं नाही, आम्ही नागपूरहून एक पोरगा बोलावला अन् त्याच्या बाजूला बसून मी शिकलो. स्वतः करायचं असल तर सेफ मोडचं बटन दाबूनच करा, चुकीच्या नियमानं कनेक्शन तुटलं तर केलेले बदल आपोआप वापस होतात. अन् अपडेट टाकत राहा. 2018 मध्ये याच कंपनीच्या राऊटरच्या विनबॉक्समध्ये भोक निघालं होतं, पॅच एप्रिलमध्येच आला, तरी अपडेट न केलेले हजारो राऊटर नंतर कितीतरी महिने पकडल्या गेले. म्हणून विनबॉक्स इंटरनेटवर उघडा ठेवायचाच नाही.

दुसरं, हा पेनड्राईव्ह थांबवत नाही, ईमेलमधलं खोटं बिलही थांबवत नाही, फाईलच्या आत काय आहे ते हा पाहतच नाही. म्हणून टॅलीचा बॅकअप रोज संध्याकाळी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतो अन् डिस्क काढून कपाटात ठेवतो. लावूनच ठेवली तर कॉम्प्युटरसोबत तीही लॉक होणार. तरी काही झालंच तर सर्ट-इनच्या (कॉम्प्युटर सुरक्षेचं काम पाहणारी केंद्र सरकारची संस्था) 2022 च्या नियमाप्रमाणं सहा तासांच्या आत त्यांना कळवा लागते, अन् पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करायचा, हे दोन्ही कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं आहे.

दहा-पंधरा कॉम्प्युटरच्या जागेला हा पुरते, माझ्याकडून पाचपैकी साडेचार. मोठ्या सूतगिरणीनं याच्या भरवशावर राहू नये, त्यांना आत येणारी-जाणारी फाईल तपासणारा मोठा फायरवॉल पायजे अन् तो पाहणारा माणूसही. अन् राऊटर यूपीएसवरच लावा, आपल्याकडच्या विजेचा अन् मिरगातल्या कडकडाटाचा भरवसा नाही.