नखरेल कुत्र्याच्या वाटीत काय: कच्चं, शिजवलेलं की ड्राय फूड?

आमची बुंदी ११ किलोची. आई गावठी, बाप बहुधा कुणाचा तरी पॉमेरेनियन. ड्राय फूडची वाटी पुढ्यात ठेवली की ती आधी वास घेते, मग नाकानं वाटी ढकलत ढकलत भिंतीपर्यंत नेते आणि तिथं सोडून माझ्याकडे बघत बसते. अन्नाला इतकी नावं ठेवणारं आमच्याकडे दुसरं कुणी नाही, आणि आम्ही मूळचे सदाशिव पेठेतले.

तिच्यापायी दीड वर्षात तिन्ही प्रकार करून झाले. ‘रॉ चालू कर, दोन दिवसांत वाटी चाटूनपुसून ठेवेल’ असं सकाळी फिरताना तुम्हालाही कुणीतरी सांगितलं असेल. सांगणारे खोटं बोलत नाहीत. कच्चं मांस पुढे आलं की बहुतेक नखरेल कुत्री खातात. अडतं ते घराशी: फ्रीजर, ओटा, लहान मूल, सासूबाई, आणि रोज ग्रॅममध्ये मोजण्याचा कंटाळा.

आधी एक कागद

आम्ही फ्रिजवर कागद चिकटवला आणि आठवडाभर बुंदीच्या तोंडात जाईल ते सगळं लिहिलं. सकाळी आईच्या चहाबरोबर खारीचा पदर, दहाला दोन मारी, दुपारी तूप लावलेल्या पोळीची कड, चारला परत दोन मारी, रात्री माझ्याकडून चीजचा तुकडा. एका मारीत २० ते २५ कॅलरी असतात. ११ किलोच्या, नसबंदी झालेल्या, पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला दिवसाला साडेसहाशेच्या आसपास पुरतात. म्हणजे चार मारींतच सातवा हिस्सा गेला, खारी आणि चीज वेगळंच. खाऊ एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांपुढे जाऊ नये, असा साधारण नियम आहे. कागद वाचून आई म्हणाली, “मग तिला भूक कुठून लागणार गं?” जसं काही खारी दुसरंच कुणी देत होतं.

शिवाय वाटी नाकारली की पाच मिनिटांत काहीतरी बरं येतं, हे बुंदीला पाठ झालं होतं. मग वाटी २० मिनिटं ठेवायची, नाही खाल्लं तर उचलायची, मध्ये काहीही नाही, असं सुरू केलं. तिसऱ्या दिवशी अर्धी वाटी संपली. लहान पिल्लावर हा प्रयोग करू नका. आणि कालपर्यंत नीट खाणारं कुत्रं अचानक थांबलं तर तो नखरा समजू नका. दात दुखत असेल, पोट बिघडलं असेल, टिक फीवर, म्हणजे गोचिडांमुळे येणारा ताप असेल. दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही आणि मलूल पडून आहे, तर थेट व्हेट.

हे करूनही वाटी भिंतीलाच लागत असेल, तर पुढचं वाचा.

कच्चं

कच्चं मांस आणि हाडं ही पद्धत ऑस्ट्रेलियातले व्हेट इयन बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ पासून लोकप्रिय केली. युक्तिवाद असा की कुत्रा मुळात लांडगा, त्याला धान्य कशाला? हे अर्धंच खरं. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त आहेत. माणसाच्या उकिरड्यावर हजारो वर्षं काढल्यावर भाकरी पचणारच.

प्रमाण सहसा असं सांगतात: पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला रोज त्याच्या वजनाच्या २ ते ३ टक्के, त्यात ८० टक्के मांस, १० टक्के हाड, ५ टक्के कलेजी आणि ५ टक्के गुर्दा वगैरे. बुंदीचे होतात दिवसाला २७५ ग्रॅम, महिन्याला सव्वाआठ किलो. तुमच्या चिकनवाल्याचा भाव त्याला गुणून बघा. कलेजी वाट्याला येते जेमतेम १४ ग्रॅम, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढी. कलेजी जास्त झाली तर अ जीवनसत्त्व साठत जातं, आणि नखरेल कुत्र्याला नेमकी कलेजीच हवी असते! हाड वगळून नुसतं बोनलेस दिलं तर कॅल्शियमची बोंब. वाढत्या पिल्लाची हाडं त्यानं खरोखर वाकतात, मोडतात. हाड जास्त झालं की शी पांढरी, खडूसारखी होते आणि कुत्रं कुंथत बसतं. परदेशी तक्त्यांत बीफ लिहिलेलं असतं. आपल्याकडे २०१५ पासून गोवंश हत्याबंदी आहे, तेव्हा फिरून फिरून चिकन, मटण, फार तर म्हशीचं.

आता मटणाच्या दुकानातली एक सवय. “कुत्र्यासाठी आहे” म्हटलं की फुप्फुस, छाटलेलं काय काय स्वस्तात किंवा फुकट पिशवीत पडतं. ते कच्चं देऊ नका. शेळ्या-मेंढ्यांच्या, म्हशींच्या फुप्फुसात आणि कलेजीत हायडॅटिड नावाच्या पाण्यानं भरलेल्या गाठी असू शकतात. त्या खाल्ल्या की कुत्र्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी होतात. कुत्रं ठणठणीत दिसतं, पण त्याच्या शीतून अंडी बाहेर पडतात, ती त्याच्या केसांना, तिथून आपल्या हाताला लागतात. मग तशीच गाठ माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात वाढते. नीट शिजवलं की हा प्रश्न संपतो.

साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे जीवाणू म्हणजे चिकनसोबत येणारे पाहुणे. कुत्र्याला काही न होता तो साल्मोनेला शीतून आणि लाळेतून घरभर पसरवू शकतो. अमेरिकेतली पशुवैद्यकांची संघटना २०१२ पासून कच्चं मांस देऊ नका असंच सांगते. ‘फ्रीजरमध्ये ठेवलं की जंतू मरतात’ हा गैरसमज आहे. गोठवल्यानं काही परजीवी मरतात, जीवाणू नुसते झोपतात. पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीचा वार, दुपारी वीज गेली की ते जागे होतात.

आमचं रॉ कुठं संपलं ते सांगते. बुंदीला मी पहिल्यांदा चिकनची मान दिली. तिनं ती स्वयंपाकघरात खाल्ली नाही. दातांत धरून, शेपटी वर करून, मिरवत दिवाणखान्यात गेली आणि दिवाणावरच्या पांढऱ्या चादरीवर बसून पंधरा मिनिटं कुडूम कुडूम चावत राहिली. त्याच दिवाणावर संध्याकाळी माझा तीन वर्षांचा भाचा झोपतो, आणि बुंदी त्याचं तोंड चाटते. चादर गरम पाण्यात गेली, दिवाण पुसला. तरी मी आणखी सात आठवडे रेटलं, कारण वाटी खरंच चकचकीत होत होती. पण भाचा येणार म्हटलं की पोटात गोळा यायचा.

शिजवलेलं

चिकन-भात म्हणजे पुण्यातल्या कुत्र्यांचं वरण-भात. वास गरम असताना जास्त येतो, त्यामुळे नखरेल कुत्रं कोमट अन्नावर लवकर येतं. फ्रिजमधलं थंडगार पुढे टाकलं तर तेच चिकन नाकारतं. जंतूंची धास्ती जवळजवळ जाते. शाकाहारी घरात वेगळी कढई आणि बाल्कनीतली इंडक्शन शेगडी यावर तडजोड होते. कच्च्या मांसाला ओट्यावर अशी परवानगी मिळणं कठीण, श्रावणात तर विषयच नको.

दोष हा की चिकन-भात पुरा आहार नाही. कॅल्शियम, झिंक, आयोडिन, ड आणि ई जीवनसत्त्व यांत तो लंगडा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या अभ्यासात २०१३ मध्ये घरगुती अन्नाच्या २०० पाककृती तपासल्या, तर ९५ टक्क्यांत एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. त्यामुळे व्हेटकडून वजनानुसार पूरक भुकटी लिहून घ्या आणि ती रोज घाला. ‘आज विसरले’ हे महिन्यातून पंधरा वेळा होत असेल तर हा मार्ग तुमचा नाही. शिजवलेलं हाड कधीच नाही, त्याच्या टोकदार चिरफळ्या होतात. आणि आपल्या ताटातला रस्सा-भात म्हणजे घरी शिजवलेलं नव्हे: कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात.

ड्राय फूड

यावर फार बोलण्यासारखं नाही. पाकिटावर ‘संपूर्ण आणि संतुलित’ लिहिलेलं असेल आणि कुत्रं खात असेल, तर तुमचं काम संपलं. बुंदीला दिवसाला १८० ग्रॅमच्या आसपास पुरतं, मोजायला एक कप. खोट एवढीच की त्यात पाणी १० टक्क्यांच्या आसपास, मांसात ७०. एप्रिल-मेच्या पुण्यात कमी पाणी पिणाऱ्या कुत्र्याला ते कोरडं जातं. मोठी गोणी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. पावसाळ्यात तोंड उघडं राहिलं की चरबीचा वास बदलतो, आणि नखरेल नाकाला तो आपल्या आधी कळतो.

मग कुणी काय घ्यावं

घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, केमो चालू असलेलं किंवा वयस्कर माणूस असेल तर कच्च्याचा विचारही करू नका. कुत्रं तुमच्या उशीवर झोपत असेल तरी नको. एकटे-दुकटे आहात, वेगळा फ्रीजर आहे, तराजू वापरायचा आळस नाही, ठराविक दुकानातून ताजं मिळतं आणि जंताचं औषध वेळेवर होतं, तर करून बघा. पण तक्ता व्हेटला दाखवून, आणि उन्हाळ्यात सुरुवात नको. रोज स्वयंपाक होणाऱ्या घराला शिजवलेलं झेपतं. नोकरीची वेळ लांब असेल, कुत्र्याला दिवसभर सांभाळणारे काका-मावशी असतील, तर ड्राय फूड, कारण त्यांना ‘एक कप’ एवढंच सांगावं लागतं. बदल काहीही केला तरी ७ ते १० दिवसांत, जुन्यात नवं वाढवत न्या.

बुंदीला आता १५० ग्रॅम ड्राय फूड, वर दोन चमचे उकडलेला चिकनचा खिमा, आणि त्याच चिकनचं अळणी कोमट पाणी. पाणी घालून दहा मिनिटं मुरू द्यावं लागतं, नाहीतर ती वरचा खिमा वेचून खाते आणि वाटी परत भिंतीकडे जाते. खारी बंद आहे, असं आई म्हणते.