एन-लिस्ट आणि कॉलेजची लायब्ररी: प्रोजेक्टच्या वर्षभर वापरल्यानंतर

सोलापुरातल्या अनुदानित कॉलेजात शिकत असाल, तर एन-लिस्टचं लॉगिन बहुधा तुमच्या नावावर आधीच तयार असेल. कॉलेजांना ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकं ऑनलाइन वाचायला देणारी ही सेवा, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळं चालवणाऱ्या केंद्राची. ग्रंथपाल विद्यार्थ्यांची यादी पाठवतात आणि युजरनेम-पासवर्ड ईमेलवर येतो. तो स्पॅममध्ये जातो, नाहीतर प्रवेश अर्जावर नेट कॅफेवाल्याचाच ईमेल टाकलेला असतो. आधी तेवढं तपासा.

दुसरी अडचण हमखास येते. गुगलवरून थेट प्रकाशकाच्या साइटवर गेलात की लेखासाठी डॉलरमध्ये पैसे मागतात, कारण तुम्ही कोण हे त्या साइटला कळत नाही. आधी एन-लिस्टमध्ये लॉगिन करायचं आणि तिथल्याच यादीतून आत शिरायचं. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' असं उघडतं. अर्थशास्त्र-समाजशास्त्रवाल्यांना एवढ्यानेच सेवा वसूल होते.

खरी कसोटी शोधण्याची. यंत्रमाग कामगारांवर प्रोजेक्ट असेल आणि आख्खं शीर्षकच शोधपेटीत टाकलंत, तर हाती काहीच लागत नाही. विषयाचे तुकडे करा: गाव, धंदा, माणसं. गावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन्ही प्रकारे द्या, कारण 1884च्या गॅझेटियरपासून (इंग्रजांच्या काळातला जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) जुन्या लिखाणात 'शोलापूर' आहे. दोन्हींच्या मध्ये 'ऑर', मग 'अँड' आणि पुढे 'पॉवरलूम'. तोही एकदा जोडून, एकदा तोडून. तोडलेला शब्द अवतरणचिन्हात नसेल तर 'पॉवर'साठी वीजनिर्मितीचे लेख येऊन पडतात.

कपाटातही तोच घोळ. ड्युई वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावण्याच्या पद्धतीत, कापड उत्पादन 677ला, कामगारांचं अर्थशास्त्र 331ला, उद्योग 338ला. एकाच कपाटासमोर उभं राहून "पुस्तक नाही" म्हणू नका. ओपॅकमध्ये, म्हणजे ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरवरच्या यादीत, मराठी पुस्तकांची नोंद कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये असते. दोन्ही करून पाहा. एन-लिस्टवर मराठी साहित्य जवळपास नाहीच. त्यासाठी सोलापुरातल्या हिराचंद नेमचंद वाचनालयाची पायरी चढावी लागते.

शोधगंगा या इन्फ्लिबनेटच्याच साइटवर पीएचडीचे प्रबंध प्रकरणवार पीडीएफमध्ये असतात. सगळ्यात आधी संदर्भसूचीची फाइल उघडा; निम्मा शोध कोणीतरी आधीच करून ठेवलेला असतो.

आता तक्रार. बहुतेक कॉलेजांत ग्रंथालयाची ओळख प्रवेशानंतर लगेच, तासाभरात उरकतात. तेव्हा कोणाकडेच विषय नसतो, म्हणून काहीच डोक्यात राहत नाही. तोच तास प्रोजेक्टचे विषय ठरल्यावर, कॉम्प्युटरसमोर बसवून घ्यायला हवा. बाकी ग्रंथपालांना नेमका प्रश्न विचारला तर मदत चांगली मिळते. "सर, काहीतरी मटेरियल द्या" म्हणालात तर गाइड हातात पडतं.

'एक राष्ट्र एक सदस्यत्व' ही जर्नल्स एकत्रित वर्गणीतून खुली करणारी केंद्राची योजना जानेवारी 2025पासून सुरू झाली; पण पहिल्या टप्प्यात ती सरकारी संस्थांपुरती आहे. खासगी अनुदानित कॉलेजवाल्यांना एन-लिस्टच. शिक्षण संपलं की हे लॉगिन हक्काचं राहत नाही, म्हणून लागणारे लेख आधीच उतरवून घ्या आणि फाइलच्या नावात लेखक व वर्ष टाका.