मुस्तफा सेंटर, सिंगापूर : नव्या विद्यार्थ्यांसाठी

सिंगापुरात शिकायला आलेल्या विद्यार्थ्याने वसतिगृहाची किल्ली हाती पडताच फॅरर पार्क स्थानकाजवळचे, सय्यद अल्वी मार्गावरील मुस्तफा सेंटर हे मोठे दुकान गाठावे, असे माझे मत आहे. भारतातल्या गोल पिनांचा प्लग येथील तीन चपट्या पिनांच्या सॉकेटमध्ये बसत नाही. त्यामुळे लागणारा अडॅप्टर, रोजच्या सरींसाठी छत्री आणि दमट हवेतही लवकर वाळणारे पातळ पंचे ही सारी खरेदी एकाच छपराखाली उरकते. डाळींच्या मांडणीपुढे मात्र निवांत थांबावे. तूर, मूग, मसूर तर आहेतच, पण पोहेही जाड-पातळ असे निवडून घेता येतात, तेव्हा विमानाच्या सामानात त्यांची पोती कोंबणे मला अनाठायी वाटते. ताजी कोथिंबीर आणि कढीपत्ता मी टेक्का बाजारातूनच घेते. बाटलीबंद पाणी घेऊ नये, नळाचे पाणी थेट पिण्याजोगे असते.